आधी मीटर, मग माइक

हात गळ्यात बांधलेला असो की प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवलेला, सक्तीने घरी बसलेल्या वाजवणाऱ्याला जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) गिटार अँप रेकॉर्ड करावासा वाटला की पहिली चौकशी माइकची होते. कोणता घ्यावा, कितीला मिळतो, एक पुरेल की दोन लागतील. मुंबई-पुण्यात ही चौकशी ठीक आहे. विदर्भात आर्वी, उमरखेड नाहीतर सिंदेवाहीकडच्या खेड्यात मात्र पहिली चौकशी मल्टिमीटरची हवी. इथे अँपच्या आवाजाची सगळ्यात मोठी कळ अँपवर नसतेच. ती गावाबाहेरच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर असते.

मोबाइलच्या चार्जरला १०० व्होल्ट काय नि २४० काय, आत सगळे सारखे होऊन जाते. जुन्या अँपला अशी गाळणी नाही. लाइन दहा टक्के उतरली की आतले सगळे जवळपास दहा टक्के उतरते: व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरचे ६.३ व्होल्ट, त्याच्या प्लेटवरचे (जिथे मोठे व्होल्टेज असते तो भाग) तीन-चारशे व्होल्ट, सगळेच. प्लेटचे व्होल्टेज उतरले की अँप लवकर फाटायला (आवाज चिरका व्हायला) लागतो, खालचे स्वर सैल पडतात, तार छेडायच्या पत्तीचा ठोका बोथट होतो. अमेरिकी रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन हा आवाज मुद्दाम काढायचा. व्हेरिअॅक (कळ फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावून अमेरिकेतली १२० व्होल्टची लाइन तो ९०च्या आसपास आणायचा. म्हणजे आपल्या २३०च्या हिशेबात साधारण १७२. रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झाले आणि एकाच डीपीवरच्या साऱ्या मोटारी चालल्या, की वावरातल्या घरात हा आकडा व्हेरिअॅक न घेता मिळतो. फरक इतकाच की त्याची कळ आपल्या हातात नाही, आणि गाण्याच्या मधल्या कडव्यात ती कोण फिरवील याचा नेम नाही.

म्हणून दुखापतीतल्या माणसाने पहिला आठवडा काहीही रेकॉर्ड करू नये. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर स्वस्तात मिळतो. तो बाजेवरून दिसेल अशा जागी लावावा आणि तासातासाला आकडा वहीत टिपावा. धडधाकट माणसाला हे काम जमत नाही, त्याला घरात बसवत नाही. आठवडाभराच्या नोंदी हाती आल्या की गावाचा स्वभाव कळतो. संध्याकाळी सात ते दहा सगळीकडे पडझड असते. शेतीच्या फिडरची पाळी दिवसाची की रात्रीची, त्यावर बाकीचे वेळापत्रक बदलते. गावठाणचा फिडर वेगळा असेल तर मोटारींचा त्रास कमी, पण उन्हाळ्यात घरोघरचे कूलर रात्रभर चालतात, तेव्हा मध्यरात्रही खाली बसते. हिवाळ्यात उलट प्रकार होतो. पहाटे भार नसतो आणि आकडा २४५-२५०ला जाऊन टेकतो. आकडा किती आहे यापेक्षा तो किती वेळ हलत नाही, हे रेकॉर्डिंगला महत्त्वाचे. २१५वर तासभर स्थिर असलेली लाइन २००-२३५ अशी झोके घेणाऱ्या लाइनपेक्षा केव्हाही बरी.

अँप अमेरिकी असेल तर मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर येतो, आणि इथे गणित नीट करावे लागते. १९५०-६०च्या दशकातले फेंडर कंपनीचे अँप ११७ व्होल्टला बनलेले आहेत. बाजारात सहज मिळतो तो २३० ते ११० असा ट्रान्सफॉर्मर. लाइन २५० झाली तरी तो ११९-१२० देतो, म्हणजे वरच्या अंगाने निर्धास्त. खालच्या अंगाने तसे नाही. हीटरला ६.३ व्होल्टच्या दहा टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे ५.७च्या खाली जाऊ द्यायचे नाही. ११०च्या ट्रान्सफॉर्मरवर ही मर्यादा लाइन २२०ला आली की लागते. १२०चा ट्रान्सफॉर्मर घेतला तर २०२पर्यंत मोकळीक मिळते. ज्या गावात लाइन नेहमीच पडलेली असते तिथे १२०चा घ्यावा, किंवा गुंडाळणाऱ्याकडून ११० आणि १२० अशा दोन टॅपिंगचा करून घ्यावा. पाच वॉटच्या लहान अँपला २०० व्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर भरपूर झाला, वीस-बावीस वॉटच्या अँपला ३०० ते ५००. थंड हीटरवर बराच काळ चालवलेल्या व्हॉल्व्हचा कॅथोड (हीटरने तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) खराब होतो. ते नुकसान त्या दिवशी ऐकू येत नाही, सहा महिन्यांनी येते.

त्यात सायकलची भानगड आहे. अमेरिकेची लाइन ६० हर्ट्झ, आपली ५०. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर पडणारा ताण व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात असतो. ११७ला ६०ने भागले तर १.९५ येतात, ११०ला ५०ने भागले तर २.२, आणि १२०ला भागले तर २.४. म्हणजे केवळ ६० हर्ट्झसाठी बनलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापणारच. मागच्या पाटीवर ५०/६० लिहिले असेल तर काळजी नाही. नसेल तर सलग पाऊण तासाच्या वर चालवू नये आणि मधूनमधून ट्रान्सफॉर्मरच्या टोपीवर हात ठेवून पाहावा. पाच सेकंद हात ठेववत नसेल तर बंद. लाइन उतरलेली असली तर ट्रान्सफॉर्मर सुखी आणि हीटर दुःखी, चढलेली असली तर उलट. या दोघांच्या मधली जागा शोधणे म्हणजेच आपली वेळ शोधणे. व्हॉक्सच्या ब्रिटिश अँपला हा खटाटोप नाही. मागचा सिलेक्टर आपल्या व्होल्टेजवर ठेवला की झाले.

स्टॅबिलायझर लावावा का? रिलेचा लावू नये, निदान टेक चालू असताना नाही. तो पायऱ्यापायऱ्यांनी व्होल्टेज बदलतो. प्रत्येक पायरीला टक्‌ असा आवाज रेकॉर्डिंगमध्ये उतरतोच, शिवाय त्या क्षणी गिटारचा पोत बदलतो. सर्वो स्टॅबिलायझर सरकत सरकत बदलतो, तो चालतो. मात्र त्याच्या मोटारीची घरघर माइकपासून दुसऱ्या खोलीत हवी. इन्व्हर्टरचा विषय त्याहून नाजूक. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हीटरला पुरेसे मिळते, कारण हीटर फक्त आरएमएस, म्हणजे तापवण्याइतके परिणामी व्होल्टेज पाहतो. प्लेटचा पुरवठा मात्र लाटेच्या टोकावर भरतो. २३० व्होल्टच्या साइन लाटेचे टोक ३२५ला असते आणि स्क्वेअर लाटेला टोक असे जवळजवळ नसतेच. त्यामुळे प्लेटचे व्होल्टेज पाव हिश्शाच्या आसपास खाली बसते आणि वरून करकरीत भुणभुण येते. साधा मल्टिमीटर स्क्वेअर लाट अकरा टक्के जास्त दाखवतो, म्हणून मीटर २३० म्हणतो आणि अँप मात्र मेल्यासारखा वाजतो. लाइन गेली तर टेक थांबवावा, इन्व्हर्टरवर ओढू नये.

हे झाले विजेचे वजन. आता अर्थिंग, कारण जुना अमेरिकी अँप दोन पिनांचा असतो आणि त्याच्या आत लाइन ते चॅसिस (अँपचा धातूचा सांगाडा) असा एक कपॅसिटर बसवलेला असतो. तिकडच्या मेकॅनिकांनी त्याला मरणाचा कपॅसिटर असे नाव दिले आहे. तो आतून शॉर्ट झाला की चॅसिस, गिटारच्या तारा आणि गिटारचा ब्रिज थेट फेजवर. खेड्यातल्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असणे नवलाचे नाही, आणि स्वस्त स्टेप-डाऊन बहुतेक वेळा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो. तो व्होल्टेज कमी करतो, पण लाइनपासून तोडत नाही. म्हणून तीन तारांची केबल, कपॅसिटर काढून टाकलेला, फेज आधी फ्यूजला मग स्विचला, न्यूट्रल सरळ, आणि अर्थ चॅसिसला स्वतःच्या वेगळ्या बोल्टने. हे झाल्याशिवाय अँपला गिटार लावायची नाही. कटआऊटात तार गुंडाळायची आपल्याकडची सवय अँपच्या फ्यूजवर चालवू नये. तिथे फ्यूज जळतो म्हणजे तो सांगतो आहे की आत काहीतरी शॉर्ट आहे.

मीटरच्या बोर्डावर अर्थचे भोक असते म्हणजे अर्थिंग असतेच असे नाही. काळ्या रेगुराची गंमत अशी की ओली असते तेव्हा अर्थिंगला तिच्याइतकी चांगली माती नाही, आणि मार्चनंतर ती आकसते, भेगा पडतात, पाइपापासून मातीच सुटते. दिवाळीत उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतावे. अँपची भुणभुणही त्याने कमी होते, पण तो दुय्यम फायदा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) बोर्डात बसवून घेतला तर कुणी तरी अनवाणी, ओल्या सारवणावर उभा राहून वाजवत असताना जीव टांगणीला लागत नाही.

ही कामे दुखापतीतल्या माणसाने स्वतः करायची नाहीत. व्हॉल्व्ह अँपच्या आत बंद केल्यावरही तीनशे-चारशे व्होल्ट कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. एक हात खिशात ठेवून काम करावे, असा जुन्या रेडिओ मेकॅनिकांचा नियम आहे. एक हात गळ्यातच आहे म्हणून तो आपोआप पाळला जातो, असा विनोद करणारे भेटतात. पण त्या नियमात खिशातला हातही शाबूत असावा लागतो. शिवाय दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. चॅसिस उघडायचा तो जुन्या मंडपवाल्याकडे व्हॉल्व्हच्या मशिनी दुरुस्त केलेल्या माणसाने. असे लोक वणी, हिंगणघाट, ब्रह्मपुरीसारख्या ठिकाणी अजून सापडतात, बहुतेक वेळा मोबाइलच्या दुकानात बसलेले. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड पुरवणाऱ्यांकडे विचारले तर पत्ता लागतो. मात्र दिवाळीनंतर त्यांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा वडसा-देसाईगंजकडे कुणी रिकामा सापडत नाही. आपण बाजूला बसून क्रम सांगावा आणि नोंद ठेवावी.

क्रम असा. बंद असतानाच मागची फळी काढून आत टॉर्च मारायचा. कापसाच्या घरात उंदीर असतोच, आणि उंदराला स्पीकरचा कागदी कोन आवडतो. त्याच्या मुतातल्या क्षारांनी सर्किट बोर्डावर वीज गळते, म्हणून डाग दिसले तर आधी साफसफाई. कोनला बोटभर फाट असेल तर पातळ टिश्यू कागद आणि पाणी घातलेले फेव्हिकॉल पुरे. कोन चारी बोटांनी समान दाबून आत ढकलला तर खरखर यायला नको. आली तर कॉइल घासते आहे आणि स्पीकर नागपूरला पाठवावा लागेल. मग इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. वीस वर्षांच्या वरचे असतील तर त्यांना हळूहळू चार्ज करून जिवंत करायचा खेळ करत बसू नये, बदलावेत. पन्नाशीच्या दशकातल्या फेंडर चॅम्पसारख्या लहान अँपमध्ये मूळचे १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरड असतात. त्या जागी २२, १० आणि १०, सगळे ४५० व्होल्टचे किंवा वरचे, आणि पॉवर व्हॉल्व्हच्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरड. जास्त मोठे घातले तर भुणभुण अजून कमी होईल असा मोह होतो. पहिला कपॅसिटर फार मोठा झाला तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) दरवेळी सुरू करताना झटका खातो. काम करण्याआधी १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी लावून जुना साठा उतरवायचा, दहा सेकंद धरायचा, मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करायची. माल नागपूरच्या सीताबर्डीला मिळतो, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवायचा.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे लाइन आणि अँप यांच्या मध्ये जोडलेला बल्ब. गावातल्या प्रत्येक वायरमनला सिरीज माहीत असते, अडचण बल्बची आहे. एलईडी चालत नाही, तंतूचाच ६० किंवा १०० वॉटचा हवा. किराण्यात मिळाला नाही तर पोल्ट्रीवाल्याकडे विचारावे, पिल्लांना ऊब द्यायला तो ठेवतो. बल्ब एकदा भपकन पेटून मंद झाला तर ठीक. भपकाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. आधी रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून हीटर पाहायचे, मग तो लावून प्लेटचे व्होल्टेज. आणि हे सगळे स्पीकर जोडलेला असतानाच. स्पीकर काढून व्हॉल्व्ह अँप चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि या साऱ्या पेटीत तोच एक भाग असा आहे की गेला तर मूळ आवाज गेला.

एवढे झाले की अँप जागेवर ठेवायचा. जागा निवडताना आवाजापेक्षा वजन आधी पाहावे. चॅम्प सात किलोच्या आसपास भरतो, डिलक्स रिव्हर्ब एकोणीस, व्हॉक्स एसी ३० बत्तीसच्या घरात. डॉक्टर वजन उचलू नका म्हणतात त्यात सात किलोही येतात. म्हणून अँप एकदाच, दुसऱ्याने, चौरंगावर नाहीतर भक्कम स्टुलावर ठेवायचा आणि पुढे माइक हलवायचा, अँप नाही. केबल भिंतीकडेने न्यायच्या आणि कापडी टेपने जमिनीला चिकटवायच्या. कुबडीचे टोक केबलमध्ये अडकले तर रेकॉर्डिंग राहिले बाजूला, पुन्हा प्लास्टरची वेळ यायची.

लहान अँप घ्यावा असे माझे ठाम मत आहे, आणि कारण शेजारी नव्हेत. बावीस वॉट आणि पाच वॉट यांत फरक जेमतेम साडेसहा डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठे वाटायला दहा लागतात. पाच वॉटचा अँपही पूर्ण फाटला की मीटरभरावर शंभर डेसिबलच्या जवळ जातो आणि गोठ्यातला बैल कान टवकारतो. लहान अँप घ्यायचा तो यासाठी की फाटण्याच्या सीमेवर तो सोसवेल इतक्या आवाजात पोचतो, आणि एकच पॉवर व्हॉल्व्ह असल्यामुळे लाइनचा चढउतार त्याच्या आवाजात उघड ऐकू येतो. मोठा अँप तो लपवतो, आणि मग दोन टेक जुळत का नाहीत याचा शोध लागत नाही.

खोलीबद्दल लोक उगाच घाबरतात. माइक स्पीकरपासून पाच सेंटिमीटरवर असेल तर मीटरभर फिरून येणारा आवाज त्याच्यापेक्षा सव्वीस डेसिबलने खाली असतो, मग खोली कशीही असू द्या. गोधड्या बांधायचा खटाटोप करायचा तो माइक फूट-दीड फूट मागे न्यायचा असेल तेव्हाच. आणि लहान अँपचा आठ इंची स्पीकर तेवढा मागूनच खरा चांगला लागतो. जवळून तो नाकात बोलतो. तेव्हा हे लक्षात ठेवावे की तीन सेंटिमीटर जाडीची गोधडी भिंतीला चिकटवून टांगली तर ती तीन हजार हर्ट्झच्या वरचेच खाते. भिंतीपासून फूटभर पुढे टांगली तर तीनशेच्या आसपासपर्यंत उतरते. मातीच्या, सारवलेल्या भिंती आधीच बऱ्या असतात. स्लॅबच्या नव्या खोल्या वाईट, आणि टिनाचे छप्पर सगळ्यात वाईट. कवेलूखाली आवाज वर निघून जातो, मात्र सैल कवेलू खडखडतो.

या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, भाव चढायची वाट पाहत, घरातली एक खोली कापसाने भरलेली असते. तीन फूट खोल कापसाचा ढीग शंभर हर्ट्झपर्यंतचा आवाज पितो. गिटारचा सगळ्यात जाड तार ८२ला वाजतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण पल्ला. शहरातले स्टुडिओ यासाठी पैसे मोजतात. मागून उघड्या असलेल्या अँपची पाठ कापसाकडे करावी. मागच्या आवाजाची लाट पुढच्याच्या उलटी असते, तो भिंतीवरून परत येऊन पुढच्याला खातो, आणि कापूस त्याला परत येऊच देत नाही. पण पॉवर व्हॉल्व्हची काच हात भाजेल इतकी तापते आणि कापूस आतल्या आत दोन दिवस धुमसून मग पेटतो. पाच-सहा फुटांचे अंतर, मध्ये पत्र्याचा तुकडा, सोल्डरिंग त्या खोलीत कधीही नाही, आणि घरच्यांची परवानगी. वर्षाची कमाई त्या ढिगात असते. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, आणि प्लास्टरच्या आत सुटलेली खाज म्हणजे काय ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. प्लास्टरवाल्याने दारातूनच काम पाहावे.

नको असलेले आवाज शोधायला मोबाइलमधले टोन जनरेटर अँपला लावून ८० ते ४०० हर्ट्झ असे सावकाश फिरवावे. फळीवरचे स्टीलचे डबे, खिडकीची जाळी, अँपचीच मागची फळी, एकेक जण आपापल्या स्वराला ओरडतो. विजेची भुणभुण वेगळी ओळखायची. ५० हर्ट्झची जाड गुणगुण म्हणजे हीटर, अर्थिंग किंवा गिटारचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारी कॉइल). गिटार हळूहळू फिरवली आणि एका दिशेला ती मरत असेल तर पिकअप. १०० हर्ट्झची जरा वरची म्हणजे फिल्टर कपॅसिटर. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बारीक करकर घालतो, जुना डब्याएवढा रेझिस्टन्सचा रेग्युलेटर घालत नाही. कुणी तो काढून फेकला असेल तर भंगारातून परत आणावा. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. कूलर बंद, अर्थातच. म्हणूनच मे महिन्यात टेक लहान ठेवावे लागतात.

आणि एक आवाज असा आहे जो परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. साधारण सेकंदाला एक, घड्याळासारखी टिक. मेट्रोनोम चुकून चालू राहिला असे वाटते. ते रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेले झटका मशीन असते. त्याचे अर्थिंग आणि घराचे अर्थिंग जवळ असेल किंवा कुंपणाची तार गवताला टेकून ठिणगी पडत असेल तर ती टिक सिंगल कॉइल पिकअपमध्ये हमखास येते. त्याचा अर्थरॉड घराच्या अर्थिंगपासून दहा-बारा मीटर तरी लांब हवा. तारेखालचे गवत काढले की अर्धा त्रास जातो. डुकरांच्या दिवसांत मशीन बंद करा असे मात्र कुणाला सांगू नये.

आता माइक. शुअर एसएम ५७ हा १९६५पासून निघणारा डायनॅमिक माइक पुरे आहे. त्याला फँटम पॉवर (माइकला केबलमधून द्यायची वीज) लागत नाही, म्हणून बॅटरीवरच्या लॅपटॉपला भार कमी. आणि जागा शोधायला गिटार वाजवणारा लागतच नाही. अँप चालू, गिटार काढलेली, व्हॉल्यूम अर्ध्यावर, हेडफोन कानाला, इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीचा) गेन चढवलेला. अँपचा जो स्‌स्‌ असा बारीक आवाज असतो तो ऐकत माइक एका हाताने स्पीकरसमोर हलवायचा. मधोमध, टोपीसमोर, तो सगळ्यात टोकदार लागतो. बाहेरच्या कडेला सरकला की झाकोळतो. टोपी आणि कोन मिळतात त्या रेषेवर तो टोकदारही नसतो आणि झाकोळलेलाही नसतो, सुरुवात तिथून करावी. तिथून बोटभर इकडे किंवा तिकडे, एवढ्या अंतरात इक्वलायझरच्या साऱ्या बटणांचे काम होते. हेडफोन लावलेले असताना गिटार जोडायची नाही आणि गेन खाली आणल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही.

वाजवायचे कुणी? हात बांधलेल्याने नाही. दुसऱ्याकडून, किंवा आधीच्या रेकॉर्डिंगमधून, गिटारचा कोरा सिग्नल इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये घेऊन ठेवायचा आणि तो पुन्हा अँपमधून वाजवायचा. इंटरफेसचा लाइन आउटपुट सव्वा व्होल्टाच्या आसपास असतो, सिंगल कॉइल पिकअपचा सिग्नल एक-दोन दशांश व्होल्ट. म्हणजे वीसेक डेसिबल खाली आणावे लागतात. त्यासाठी रीअँप बॉक्स असतो. नसेल तर हेडफोनच्या आउटपुटमधून अगदी कमी आवाजात काम भागते. अशा वेळी भुणभुण आली तर तोडायचा तो सिग्नलच्या केबलचा ग्राउंड, पिनेचा अर्थ कधीही नाही. लूपर पेडल असेल तर त्याहून सोपे. तेच आठ ठेके पुन्हापुन्हा वाजत राहतात आणि आपण माइक सरकवत राहतो. माणूस वाजवत असेल तर दहाव्या वेळेला त्याचा हात बदलतो, आणि कळत नाही की फरक माइकचा की हाताचा. या एका बाबतीत जायबंदी माणसाचे रेकॉर्डिंग धडधाकट माणसापेक्षा नेमके होते.

दुसरा माइक लावायचा असेल तर खुशाल, पण मला तो हौसेचा प्रकार वाटतो. पहिल्यापासून ३० सेंटिमीटर मागे लावलेला माइक दोघांच्या बेरजेत एक खड्डा पाडतो. थंडीच्या पहाटे, १० अंशांना, तो खड्डा ५६२ हर्ट्झला पडतो. मेच्या दुपारी, ४५ अंशांना, हवेतला ध्वनी वेगाने जातो म्हणून ५९६च्या आसपास. डिसेंबरात खडूने आखून ठेवलेली जागा मेमध्ये तीच उरत नाही, ती या कारणाने. एक माइक असला की या भानगडी नाहीत.

लेव्हल चढवू नये. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सरासरी वजा अठरा डेसिबलच्या आसपास आणि टोके वजा दहाच्या खाली. तासाभराच्या एका मोनो ट्रॅकला ५१८ एमबी लागतात, म्हणजे जागेची सबब नको. अँप सुरू करून वीस मिनिटे तापू द्यावा आणि मगच पहिला टेक. काम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण थंड होईपर्यंत अँप कुणाला उचलू देऊ नये, गरम तंतू धक्क्याने तुटतो. मदतीला आलेला भाऊ किंवा पुतण्या घाईत असतो, त्याला चहाला बसवावे.

प्रत्येक टेकच्या फाइलच्या नावात व्होल्टेज लिहावे. तारीख आणि गाण्याचे नाव नंतरही आठवते, २२६ की २०८ ते आठवत नाही. चुकलेली ओळ दुसऱ्या दिवशी मध्ये जोडायची असेल तर आकडा चार-पाच व्होल्टांच्या आत जुळेपर्यंत थांबावे. त्याहून जास्त फरक असेल तर जोड ऐकू येतो, फेडने झाकला तरी. आठवडाभर आकडा जुळलाच नाही, असे ओलिताच्या दिवसांत होते. मग ती एक ओळ सोडून द्यावी आणि आजच्या व्होल्टेजवर अख्खे कडवे नव्याने घ्यावे.